आपल्या पट्ट्यात नवं संगीत-रेडिओ केंद्र सुरू होतंय. त्यावर आपलं गाणं किती वाजणार?

खाडीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. गणपती आटोपले, चाकरमानी मुंबईला पोचले, आता निवांतपणे लिहितो.

बऱ्याच जणांच्या कानावर आलंच असेल. देवगड आणि मालवणच्या मधल्या आपल्या पट्ट्यात दसऱ्याला नवं एफएम केंद्र सुरू होतंय. परवाना सामुदायिक रेडिओचा आहे, इथल्याच एका शिक्षणसंस्थेने तो काढलाय, आणि मुख्य भर संगीतावर राहणार आहे. दिल्लीचं इरादापत्र, वायरलेस खात्याची मंजुरी, मंत्रालयाबरोबरचा करार, असं सगळं पार पडून सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, मनोरा उभा राहिलाय. सध्या संध्याकाळी थोडा वेळ चाचणी चालते. कार्यक्रम ठरवणाऱ्या गटात मी आहे, म्हणून हा धागा काढला.

गटात एक विचार जोरात आहे. सुरुवातीला सिनेमाची गाणी भरून ठेवू, लोकांना केंद्र लावायची सवय लागू दे, स्थानिक कलाकारांचं मागाहून बघू. मला हे मुळीच पटत नाही आणि मी बैठकीत तसं बोललोय. सिनेमाचं गाणं आज ज्याच्या त्याच्या खिशात आहे. त्याच्यासाठी सड्यावर लोखंड उभं करायची गरज नव्हती. खिशात काय नाही? भाद्रपदात रात्रभर रंगलेली डबलबारी, म्हणजे दोन भजनीबुवांचा समोरासमोरचा सामना, नाही. कार्तिकापासून वैशाखापर्यंत जत्रांमधून होणारा दशावतार नाही, त्यातल्या हार्मोनियमवर बसणाऱ्या माणसाचं गाणं तर नाहीच नाही. शिमग्यातलं ढोलांच्या गजरातलं रोंबाट नाही, पिंगुळीच्या ठाकर समाजातल्या चित्रकथीचं, म्हणजे चित्रं दाखवत सांगायच्या कथेचं, गायन नाही. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो फिरवले. चित्रकथी गाताना कशी ऐकू येते, हे शेजारच्या तालुक्यातल्या किती पोरांनी ऐकलंय?

आणि हा नुसता भावनेचा प्रश्न नाही. २००६ साली सामुदायिक रेडिओचं धोरण स्वयंसेवी संस्थांनाही खुलं झालं, तेव्हापासूनच त्यात आहे की निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झाले पाहिजेत आणि शक्यतो तिथल्या भाषेत, बोलीत असावेत. मागाहून बघू म्हणायला वाव नाही.

माझं म्हणणं एवढंच: पहिल्या दिवसापासून गावोगावचं गाणं वाजावं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाआधी गाणाऱ्याचं, वाजवणाऱ्याचं, गावाचं नाव सांगितलं जावं. आणि मानधन द्यावं, थोडं का असेना, पण द्यावं.

तुमच्या वाडीत कोण गातं, काय गातं, कधी गातं, हे इथे लिहा. विरोध असेल तर तोही मोकळेपणी लिहा.

परळकर

अभिनंदन! गणपतीत गावी होतो तेव्हा मनोरा पाहिला, पण कशाचा ते कळलं नव्हतं. आमच्या वाडीतली आरती आणि त्यानंतरचं भजन हे मुंबईत बसून ऐकायला मिळालं तर अजून काय पाहिजे. ते केंद्र मुंबईला लागेल का? आणि आमची वाडी खाडीच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथे तरी पोचेल का?

तारवाला

परळकर, मुंबईला हवेतून लागणार नाही. वाडीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न पुढे प्रत्येक गावातून येणार आहे.

सामुदायिक केंद्राला साधारण १०० वॅट प्रभावी शक्तीची मुभा असते आणि मनोरा जमिनीपासून ३० मीटरपर्यंत. सपाटीवर याचा पल्ला १०-१५ किलोमीटर धरतात. आपल्याकडे सड्यामुळे फायदाही आहे आणि तोटाही. सडा समुद्रसपाटीपासून १०० मीटर धरला तर अँटेना १३० मीटरवर जाते. तेवढ्या उंचीवरून रेडिओचं क्षितिज ४७ किलोमीटरच्या आसपास येतं. शक्ती कमी असल्यामुळे तितकं लांब नीट ऐकू येणार नाही, पण समुद्राच्या बाजूला मध्ये काहीच आडवं नसल्याने होड्यांवर छान लागेल. जमिनीच्या बाजूला मात्र एफएम लहरी सरळ रेषेत जातात, डोंगराला वळसा घालत नाहीत. रत्नागिरी आकाशवाणीचं मध्यम लहरीचं प्रक्षेपण आपण लहानपणापासून घळीतसुद्धा ऐकत आलोय, कारण ती लहर जमीन धरून पसरते. तशी अपेक्षा इथे ठेवू नये. खाडीच्या आतल्या अंगाच्या, डोंगराला टेकलेल्या वाड्यांमध्ये आवाज तुटक येईल. अंगणात लागेल, माजघरात नाही, असंही होईल.

ज्यांना मोबाइलवर ऐकायचंय त्यांच्यासाठी: फोनमध्ये एफएमची सोय असेल तर वायरवाला इअरफोन लावावा लागतो, ती वायरच अँटेनाचं काम करते. बऱ्याच नव्या फोनमध्ये ही सोयच नसते. म्हणून साधा रेडिओ घ्या, अँटेना पूर्ण बाहेर काढा आणि खिडकीशी ठेवा.

सड्यावरचा

तारवाला, मनोरा आमच्या सड्यावरच आहे. अर्थिंगचं, म्हणजे वीज जमिनीत उतरवायच्या जोडणीचं, कोणी बघितलंय का? जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही, हे आमच्या आंब्याच्या पंपांमुळे आम्हाला चांगलंच माहीत आहे.

तारवाला

चांगलं विचारलंत. जांभा मे महिन्यात कोरडाठाक असतो आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच पडतात. एक खड्डा पुरत नाही. खोल खणून कोळसा-मीठ भरलेले तीन-चार खड्डे एकमेकांना तांब्याच्या पट्टीने जोडायचे आणि उन्हाळ्यात त्यांत पाणी घालत राहायचं, असं मी सुचवलंय. दुसरा शत्रू खारा वारा. अँटेनाच्या केबलचे जोड रबरी पट्टीने हवाबंद केले नाहीत तर दोन पावसाळ्यांत आतून हिरवे पडतात. तेवढं काम दसऱ्याआधी व्हायला हवं, मी स्वतः मागे लागणार आहे.

कॉलेजकट्टा

खाडीकाठ काका, राग मानू नका, पण मला दुसरी बाजू मांडायचीय. आमच्या वर्गात भजन ऐकणारी मुलं आहेत, गाणारीही आहेत, पण दिवसभर भजन आणि दशावतार असेल तर आमच्या वयाचं कोणी केंद्र लावणार नाही. आम्हाला नवी गाणी हवीत, फर्माइश हवी, मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिच्या नावाने गाणं लागलं पाहिजे. हेसुद्धा स्थानिकच आहे ना? माणसं इथलीच आहेत. आणि आमच्यातली काही मुलं मालवणीत रॅप करतात, स्वतः लिहून. त्यांना तुम्ही परंपरेत बसत नाही म्हणून बाहेर ठेवणार का?

खाडीकाठ (धागाकर्ता)

अजिबात राग नाही. मालवणी रॅप करणारी मुलं मला पहिल्या आठवड्यातच हवी आहेत. स्वतः लिहितात, स्वतःच्या बोलीत लिहितात, मग ती बाहेर कशी राहतील? त्यांना माझा निरोप दे.

फर्माइशीला संध्याकाळचा एक तास ठेवावा, हे मला मान्य आहे. वाढदिवसाचं गाणं लागलंच पाहिजे. माझा विरोध आहे तो सिनेमाच्या गाण्यांनी दिवस भरून काढण्याला. सोय म्हणून केलेला भरणा पुढे कायमचा होतो, कारण गावात जाऊन ध्वनिमुद्रण करायला कष्ट पडतात आणि संगणकावर यादी लावायला पडत नाहीत.

पखवाजी

मी भजनात पखवाज वाजवतंय. खाडीकाठान लिवला ता माका पटला. पण येक सांगतंय, भजनी मंडळाक इस्टुडियोत बोलावू नकात. तुमीच गावात येवा. मंडळ म्हणजे बुवा, पेटी, पखवाज इतक्यात आटपना नाय. मागे साथ धरूक झिल बसतत, झांजो असतत, ती सगळी बंद खोलयेत मावची नाय.

दुसरा, पावसाच्या दिसांनी पखवाजाचा कातडा ओल धरता, सूर उतारता. आमी देवळात गेल्यार आदी डाव्या अंगाक कणीक लावतो. वाजवन बगतो, थोडी काडतो, परत लावतो. उजव्या अंगाचे गठ्ठे हातोडीन ठोकून पेटयेच्या सुराक आणतो. बुवा काळी पाचात गाणारो असलो तर तेका तसा, पांढऱ्येत गाणारो असलो तर तसा. तुमच्या खोलयेत यसी असतलो, थय कातडा सुकता आणि सूर वर चडता. रेकॉर्डिंगवाल्याक ह्या म्हायत नसला तर तो घड्याळ बगून म्हणतलो 'चला सुरू करा', आणि पयलोच अभंग बेसूर जातलो.

आनी नावाचा लिवलास ता बरा केलास. बुवाचा नाव सगळे घेतत. पखवाज्याचा नाव कोण घेना नाय.

खाडीकाठ (धागाकर्ता)

बुवा, तुमची ही पोस्ट मी छापून गटाच्या बैठकीत वाचून दाखवणार. ध्वनिमुद्रण करणाऱ्या पोराला आधी तासभर मंडळाबरोबर नुसतं बसवायचं, मगच माइक लावायचे, असं ठरवून घेतो.

संगमेश्वरी

तुमचं केंद्र आमच्याकडे ऐकू येणार नाही, तरी लिहितो. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात गौरी-गणपतीला जाखडी असते. शाहीर आणि ढोलकीवाला मधे बसतात, पायात चाळ बांधलेली पोरं भोवती गोल फिरून नाचतात. शक्तीवाले आणि तुरेवाले हे दोन पक्ष समोरासमोर आले की सवाल-जवाब होतो. शिवाय नमन-खेळे हे लोकनाट्य, त्यातला संकासूर, गौळणीतली मावशी. ध्वनिमुद्रणाचा माझा अनुभव सांगतो. जाखडीत चाळांचा आवाज हा तालाचाच भाग असतो. गाणाऱ्याच्या तोंडाशी एकच माइक ठेवला तर चाळ ऐकूच येत नाहीत आणि ऐकणाऱ्याला गाणं पांगळं वाटतं. एक माइक जमिनीलगत, नाचाच्या रिंगणाकडे तोंड करून ठेवा. आणि ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्यासमोर माइक कधीही धरू नका. गावात कर्णा इतका मोठा लावलेला असतो की सगळं फाटलेलं येतं. मंडळाला विनंती करून, ध्वनिक्षेपक बंद ठेवून, प्रयोगाआधी दोन पदं वेगळी गाऊन घ्यावीत. बहुतेक शाहीर आनंदाने गातात, आधी सांगितलं पाहिजे एवढंच.

जात्यावरली

इथपर्यंत सगळं वाचलं. डबलबारी पुरुषांची, दशावतार पुरुषांचा, जाखडीही बहुतेक पुरुषांची. बायकांचं गाणं कुठे आहे या यादीत?

आमच्या वाडीत हळदीची गाणी आहेत, फुगडीची आहेत, भात लावतानाची आहेत, आणि माझ्या सासूबाईंना येतात तितक्या ओव्या मी कुणाकडे ऐकलेल्या नाहीत. जातं आता कोपऱ्यात आहे, पण ओवी तोंडात आहे. त्या चुलीपाशी बसून, काही निवडत असताना सहज गातात. समोर माइक धरला की 'माका काय येना नाय' म्हणतात. अशा बायकांना देवळाच्या सभामंडपात आणून चार पुरुषांसमोर बसवलंत तर एक शब्द निघणार नाही. त्यांचं ध्वनिमुद्रण बाईने करायला हवं, घरात, दुपारी, कामं आटपल्यावर. तुमच्या गटात बायका किती आहेत, हे आधी सांगा.

खाडीकाठ (धागाकर्ता)

वहिनी, गटात सध्या एकच ताई आहेत आणि त्या हिशेब बघतात. हे बदलायलाच हवं. आमच्या इथल्या महाविद्यालयातल्या दोन मुलींनी यंत्र शिकायची तयारी दाखवलीय, त्यांना प्राधान्य द्यावं असं मी मांडतो. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी गावच्या बायकांच्या बळावर चालते, तेलंगणात जहीराबादजवळ २००८ पासून संघम रेडिओ दलित शेतकरी बायकाच चालवतात. तिथे जे होतं ते आपल्याकडे न व्हायला काही कारण नाही.

बंदरावरली

आम्ही कोकणी मुसलमान. आमच्याकडे लग्नात बायका कोकणीत गाणी म्हणतात, हळदीची, मेंदीची, नवरीला निरोप देतानाची. चाल ऐकाल तर शेजारच्या हिंदू वाडीतल्या हळदीच्या गाण्याची आठवण होईल. माझ्या खालांना, म्हणजे मावशींना, खूप येतात. आजवर कुठल्या कार्यक्रमात आम्हाला कोणी विचारलेलं नाही. तुम्ही विचाराल का?

खाडीकाठ (धागाकर्ता)

विचारतोच आहे, इथेच, सगळ्यांसमोर. तुमच्या खालांना आधी तुम्ही विचारा. त्यांची तयारी असेल तर त्या सांगतील त्या दिवशी, त्या सांगतील त्या घरी, मुलीच यंत्र घेऊन येतील. आणि वेंगुर्ले-सावंतवाडीकडच्या ख्रिश्चन वाड्यांमध्ये क्रुसापाशी लादीन, म्हणजे गाऊन केलेली प्रार्थना, म्हणतात, त्यातलं कोणी इथे असेल तर त्यांनीही लिहावं.

कायदेकानून

माझं काम कायद्याचं आहे, म्हणून काही गोष्टी वेळेवर सांगते. नंतर नोटीस आल्यावर धावपळ नको.

पारंपरिक ओवी, पद, संतांचा अभंग, यांच्या शब्दांवर आज कुणाचा कॉपीराइट नाही. पण ते गाणाऱ्या माणसाचा स्वतःचा हक्क असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क दिलेला आहे. म्हणजे तुम्ही जत्रेत उभं राहून फोनवर दशावतार टिपला आणि केंद्रावरून वाजवला, असं चालत नाही. त्या कलाकाराची लेखी परवानगी लागते. एक पानी, मराठीत, मोठ्या अक्षरात अर्ज करा: काय मुद्रित केलं, कुठे वाजवणार, इंटरनेटवर टाकणार का, मानधन किती. वाचून दाखवा आणि सही किंवा अंगठा घ्या.

आता डबलबारीची अडचण. आपल्याकडचे बुवा शब्द स्वतःचे रचतात, पण चाल पुष्कळदा सिनेमाच्या गाण्याची असते. लोकांना तेच आवडतं. पण त्या चालीवर संगीतकाराचा हक्क आहे. त्यामुळे अशा बाऱ्या वाजवायच्या तर गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांकडून परवाना घ्यावा लागेल. स्वतःच्या किंवा जुन्या चालींची पदं वेगळी काढून ठेवलीत तर तुमचा खर्च वाचेल.

परळकरांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात ३१-ड कलम आलं, त्याने रेडिओला ठरलेल्या दराने हक्कशुल्क भरून गाणी वाजवता येतात. पण इंटरनेटवरच्या सेवांना ते कलम लागू होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिलाय. म्हणजे मुंबईतल्या चाकरमान्यांना इंटरनेटवरून ऐकवायचं असेल तर सिनेमाच्या गाण्यांचे हक्क वेगळे विकत घ्यावे लागतील. गावात मुद्रित केलेलं, परवानगी घेतलेलं गाणं मात्र तुम्ही जगभर ऐकवू शकता.

परळकर

म्हणजे आम्हाला मुंबईत ऐकायला मिळेल ते फक्त आपलंच गाणं! खाडीकाठ, बैठकीत हे सांगा. आमच्या चाळीत गावच्या मंडळाची माणसं आहेत, त्यांतल्या एकालाही सिनेमाची गाणी ऐकायला गावचं केंद्र नकोय.

खाडीकाठ (धागाकर्ता)

कायदेकानून ताई, मनापासून आभार. माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा तुम्ही दिलात, आणि तो मला स्वतःला सुचलेला नव्हता. अर्जाचा मसुदा तुम्हीच करून द्याल का?

कायदेकानून

देते. एका पानाच्या वर जाणार नाही.

हिशेबी

सगळं छान चाललंय, पण पैसे? मानधन म्हणता, प्रवासखर्च म्हणता, हक्कशुल्क म्हणता. वीजबिल आहे, दोन माणसांचे पगार आहेत. माझ्या माहितीतलं एक स्थानिक मासिक अशाच उत्साहात निघालं आणि वर्षभरात बंद पडलं. लिहिणाऱ्यांचे पैसे द्यायचे राहिले ते राहिलेच.

खाडीकाठ (धागाकर्ता)

रास्त भीती आहे. उत्पन्नाचं गणित उघड मांडतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सामुदायिक रेडिओसाठी जाहिरातीची मर्यादा तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटं केली आणि सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये केला. १२ मिनिटांत १० सेकंदांच्या ७२ जाहिराती बसतात. सगळ्या भरल्या तर तासाला ५,३२८ रुपये. त्या सगळ्या कधीच भरणार नाहीत, हे मीही जाणतो. आंब्याच्या हंगामात खत-औषधवाले, पेटीवाले, वाहतूकवाले येतील, गणपतीच्या आधी कापडवाले येतील, पावसाळ्यात शुकशुकाट असेल.

म्हणून माझी सूचना अशी की मानधनाचा पैसा जाहिरातीच्या भरवशावर ठेवायचाच नाही. संस्थेने वर्षाच्या सुरुवातीला तो वेगळा काढून ठेवावा आणि आहे तेवढ्यातच ध्वनिमुद्रणं करावीत. कमी होतील, चालेल. पण गाऊन झाल्यावर त्याच दिवशी, मंडळाच्या हातात.

हिशेबी

त्याच दिवशी हातात, हे पटलं. तेवढं लेखी घ्या.

रापणवाला

आमी दर्यावर असतो, म्हणान आमचा मागणा वेगळा. पहाटे रापणीक जाताना आणि होड्ये भायर काडताना रेडिओ चालू असतलो. त्या टायमाक भजन लावा, पण मधी मधी वाऱ्याचा, दर्याचा सांगा. १ जून ते ३१ जुलै मासेमारीक बंदी असता, तेवा काय नको. पण ऑगस्टात होड्ये भायर पडतत तेवा दर्या खवळलेलोच असता. फोनाची रेंज आत गेल्यार जाता. तारवाल्यान म्हटलान की दर्यात बरा लागतला, मगे ता आमका फोनापेक्षा उपेगाचा.

केंद्राक बातमी देवक परवानगी नाय असा आयकलंय. खरा काय?

तारवाला

स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी घेता येतात. पण हवामान, वीज-पाण्याची माहिती, नैसर्गिक संकटाची सूचना, जत्रा-उत्सवांची माहिती हे बातमीत धरलं जात नाही. ते खुशाल सांगता येतं.

हर्णैकर

रापणवाल्यांना दुजोरा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी दापोलीकडे घरीच होतो. विजेचे खांब आडवे, फोन बंद, रस्त्यावर झाडं. शेजारच्या वाडीत कोण सुखरूप आहे हे कळायला माणूस चालत पाठवावा लागत होता. पाहुण्यांकडे जुना सेलवरचा रेडिओ होता, त्याच्याभोवती आम्ही बसायचो. पण आमच्या गावाबद्दल त्यात काही येणं शक्यच नव्हतं. संगीताचं केंद्र म्हणून सुरू करा, पण बॅटरी आणि जनरेटर आधी घ्या. आणि रोज गाणं ऐकायची सवय असेल तरच संकटाच्या दिवशी माणूस ते केंद्र लावेल. म्हणून लोकांना जे मनापासून ऐकावंसं वाटेल तेच वाजवा, एवढंच माझं म्हणणं.

कॅसेटवाला

माझ्याकडे डबलबारीच्या आणि दशावताराच्या जुन्या कॅसेट भरपूर आहेत. वडिलांनी जत्रांमधून आणि बाजारातून जमवलेल्या. काही बुवा आता हयात नाहीत. केंद्राला द्यायची माझी तयारी आहे, पण कशा द्याव्यात? बऱ्याचशा कॅसेटमध्ये फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसतेय.

तारवाला

कॅसेटवाला दादा, बुरशी दिसतेय ती कॅसेट कृपा करून टेपमध्ये घालू नका. ती बुरशी हेडला चिकटते, फीत ओढली जाते आणि तुटते, शिवाय पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. सगळ्या कॅसेट हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, उन्हात वाळवू नका, फीत वाकडी होते. सुकल्यावर खोक्याचे स्क्रू काढून, फीत दोन्ही बाजूंनी मऊ सुक्या कापडातून अगदी सावकाश फिरवून पुसायची. हे काम तोंडाला मास्क लावून, घराबाहेर करायचं. फीत पुसून झाली की ती नव्या खोक्यात बसवायची आणि मगच वाजवायची, तीही एकदाच, थेट संगणकावर उतरवत. संगणकावर वेव फाइल करा, एमपी३ नको. एमपी३ नंतर कधीही करता येते, उलटं केलं तर गळालेला आवाज परत येत नाही. मी दिवाळीत तुमच्याकडे येऊन बसतो, आपण मिळून करू.

कायदेकानून

बाजारातल्या छापील कॅसेट आणि वडिलांनी जत्रेत स्वतः टिपलेल्या कॅसेट वेगळ्या ठेवा. छापील कॅसेटवर कंपनीचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं असतो. स्वतः टिपलेल्यांसाठी त्या बुवांच्या घरच्यांना भेटून परवानगी घ्या. मला वाटतं बहुतेक घरांना आनंदच होईल.

पखवाजी

कॅसेटवाल्यानू, तुमच्याकडे आमच्या बुवांची बारी असात काय? तेंचो आवाज आमच्याकडे खयच नाय. व्यक्तिगत निरोप धाडतंय, नाव-गाव कळवतंय.

कॅसेटवाला

पाठवा. डब्यांवर वडिलांच्या अक्षरात गाव आणि जत्रा लिहिलेली आहे, शोधणं सोपं जाईल.

कॉलेजकट्टा

काका, आमच्या रॅपवाल्यांना निरोप दिला. ते म्हणतात, डबलबारीसारखी समोरासमोर बारी करू, पखवाजाच्या तालावर. पखवाजी आजोबा साथ करतील का, विचारतायत.

पखवाजी

करतलंय. पण पयली चार दिवस माज्याकडे येवन बसा. ताल समाजल्याशिवाय बारी नाय.

खाडीकाठ (धागाकर्ता)

काल बैठक झाली, थोडक्यात कळवतो. पहाटेचा वेळ भजनाला आणि मधून मधून हवामानाला. दुपार बायकांच्या गाण्यांची, ती बायकाच तयार करतील. संध्याकाळी एक तास फर्माइशीचा, त्यात सिनेमाची गाणी. रात्री दशावतार, नमन, चित्रकथी, पाळीपाळीने. दिवसभर सिनेमाची गाणी भरायचा विचार मागे पडला. मुंबईत इंटरनेटवर ती वेगळे हक्क विकत घेतल्याशिवाय वाजवता येणार नाहीत, या मुद्द्यावर सगळे थांबले. मानधन त्याच दिवशी, हे ठरावात लिहिलं गेलं. जनरेटरसाठी संस्थेने होकार दिलाय, बॅटरीचं अजून ठरायचंय, हर्णैकर, मी मागे लागलेलो आहे.

एका गोष्टीवर एकमत झालं नाही. सिनेमाच्या चालींवरच्या बाऱ्या घ्यायच्या की नाही? माझं मत घ्यायच्या असं आहे, परवान्याचा खर्च करून घ्यायच्या. आपल्या बुवांनी त्या चालींवर जे शब्द घातलेत ते इथले आहेत आणि लोकांनी त्यावर रात्री जागवल्यात. काहींना ते शुद्ध वाटत नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा बोलू, तोवर इथे मतं येऊ द्यात.

पहिलं ध्वनिमुद्रण येत्या रविवारी पखवाजी बुवांच्या गावी, देवळात, ध्वनिक्षेपकाशिवाय. बंदरावरली, तुमच्या खालांचा निरोप आला की तारीख ठरवू. वहिनी, तुमच्या सासूबाईंचं काय?

बंदरावरली

खाला तयार आहेत. म्हणाल्या, शेजारच्या वाडीतल्या दोघींनाही बोलवा, त्या साथ करतात.

जात्यावरली

सासूबाईंना विचारलं. शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर या म्हणाल्यात. मुली दोघीच याव्यात, पुरुष माणूस नको. यंत्र लहान असावं आणि समोर न ठेवता बाजूला ठेवावं. आधी मुलींनी त्यांच्याबरोबर तांदूळ निवडायला बसायचं, गाणं त्या आपणहून सुरू करतील, मध्ये थांबवून 'परत म्हणा' म्हणायचं नाही. आणि वाजवण्याआधी त्यांना एकदा ऐकवायचं, त्या हो म्हणाल्या तरच लावायचं. हे सगळं मान्य असेल तर मुलींना एसटीची वेळ कळवते.

खाडीकाठ (धागाकर्ता)

सगळं मान्य. एसटीची वेळ कळवा.